नावेतली उशी

हे मनन रात्रीचं आहे. भांडी घासून पालथी घातली आहेत, दाराला कडी लागली आहे, दिवसाची कामं हातावेगळी झाली आहेत आणि जे हातावेगळं होत नाही तेवढंच उरलं आहे, अशा वेळेचं.

बसा. मांडी घालूनच बसायला हवं असं नाही. खुर्चीत, खाटेच्या कडेला, दवाखान्याच्या बाकावर, असाल तिथं बसा. पाठ टेकवा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. मिटल्यावर भीती वाढत असेल तर उघडे राहू द्या. प्रार्थनेला बसायचं तर आधी मन शांत हवं, असं लहानपणापासून आपल्या कानावर पडलेलं असतं. आज ते राहू द्या. मन शांत असतं तर तुम्ही इथवर आलाच नसतात. जी काळजी तुमच्याबरोबर आहे तिला दाराबाहेर उभी करू नका. एस्टीत पिशवी मांडीवर घेऊन बसतो तशी तिला जवळ घ्या आणि तिचं नाव घ्या. मनातल्या मनात, पण सरळ. तपासणीचा रिपोर्ट. बँकेची नोटीस. मुलगा. घरातली रिकामी झालेली खाट.

नाव घेऊन झालं की घाई करू नका. चार श्वास जाऊ द्या.

आता आपण एका नावेत बसणार आहोत. मार्काच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायाच्या अगदी शेवटी ही नाव येते. जेमतेम सात वचनांची गोष्ट आहे, आणि ती आपण इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकूच येत नाही. अशा गोष्टीत पुन्हा शिरायची एक जुनी रीत आहे. इग्नेशियस लोयोला नावाचा स्पॅनिश सरदार १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडून घरी पडला. वाचायला हाताशी होतं एक ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो त्या प्रसंगांत जाऊ लागला. पुढं त्यानं त्याची रीतच घालून दिली: प्रसंग नुसता वाचायचा नाही, त्यात जाऊन उभं राहायचं. काय दिसतं, काय ऐकू येतं, वास कसला येतो, हाताला काय लागतं. ही वाट सापडली तेव्हा तो माणूस अंथरुणाला खिळलेला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उठता येत नाही अशांसाठीच ती असावी.

तर संध्याकाळ आहे. समोर पाणी आहे. त्याला गालीलचा समुद्र म्हणतात, पण ते गोड्या पाण्याचं सरोवर. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी १३. हे पाणी समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली आहे, आणि भोवती डोंगर. डोंगरांवरची गार हवा दऱ्यांतून खाली कोसळते तेव्हा पाहता पाहता पाणी खवळतं. या पाण्यावर जन्म काढलेले कोळीही फसतात.

नाव लाकडाची आहे. तिच्या काठावर हात ठेवा. १९८६ साली दुष्काळानं या सरोवराचं पाणी ओसरलं आणि चिखलात दोघा भावांना एक जुनी नाव सापडली. साधारण येशूच्या काळातली. आठ मीटरहून थोडी लांब, सव्वादोन मीटर रुंद. तिच्या फळ्या तपासल्या तर दहा-बारा जातींची लाकडं निघाली. इथली फळी कुजली, तिथं हाताला लागेल तो तुकडा बसवला, असं करत करत कुणीतरी ती वर्षानुवर्षं चालवली होती. येशू याच नावेत बसला होता असं कुणी म्हणू शकत नाही. पण त्याची नाव अशीच असणार. ठिगळांची. तुमच्या बोटांना आत्ता एका फळीचा सांधा लागतोय, तो चाचपून बघा. तुमचं घरही असंच चाललं आहे ना? एक बहिणीनं पाठवलेला तुकडा, एक सोसायटीच्या कर्जाचा, एक आईच्या बांगड्यांचा. याच नावेत तो बसतो. नवी आणा मग येतो, असं म्हणत नाही.

दिवसभर तो याच नावेत बसून काठावरच्या लोकांशी बोलत होता. घसा बसला असेल, अंगरखा घामेजला असेल. मार्क एक बारीकशी गोष्ट सांगून जातो: शिष्यांनी त्याला होता तसाच नावेत घेतलं. हातपाय धुणं नाही, बदलायचे कपडे नाहीत. तोही दमलेला. आणि आणखी एक, जे चौघांपैकी फक्त मार्कच सांगतो: बरोबर दुसऱ्याही नावा होत्या. पुढं त्यांचं काय झालं ते तो सांगत नाही. वारा तर त्यांनाही तोच लागला असणार. त्या नावांकडे आपण नंतर येऊ.

अंधार पडला आहे. वल्ह्यांचा आवाज, माशांचा आणि ओल्या दोरांचा वास. इथं थोडं थांबा.

वारा सुटतो. पहिली लाट आत येते, मग दुसरी. पायाशी पाणी साचतं. कुणी ओंजळीनं, कुणी भांड्यानं उपसतं. उपसलेल्यापेक्षा आत येणारं जास्त आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे. पगार आणि हप्ते यांच्यातलं हे गणित आहे, औषधाचा असर आणि आजाराची चाल यांच्यातलं आहे. उपसत राहा. पण आता एकदाच, फक्त एकदाच, मान वळवून नावेच्या मागच्या बाजूला बघा.

तिथं तो झोपला आहे. डोक्याखाली उशी आहे.

ही उशीही फक्त मार्काकडेच आहे. मत्तयाकडे नाही, लूककडे नाही. दोन हजार वर्षं कुणीतरी ही उशी जपून ठेवली. कोळ्याच्या नावेतली उशी ती, कातड्याची असेल, भुसा नाहीतर चिंध्या भरलेली, वल्हेकऱ्याच्या बुडाखाली घ्यायची. ती त्यानं डोक्याखाली घेतली आहे. त्याच्या चेहऱ्यावर पाण्याचे शिंतोडे उडत आहेत. तोंड किंचित उघडं आहे. श्वास चालू आहे. बघत राहा. राग येत असेल तर येऊ द्या.

मलाही या झोपेचा राग यायचा. मग एकदा हा अध्याय सलग वाचला तेव्हा एक गोष्ट दिसली, आणि ती माझ्या दादांमुळं दिसली. माझे वडील नगर जिल्ह्यातले शेतकरी. हस्ताचा पाऊस पडून गेला, वाफसा आला की ज्वारीची पेरणी. दादा पाभरीमागं चालायचे, चाड्यावर मूठ धरायचे. दाणे मुठीतून सुटताना त्यांची बोटं एका लयीत हलत, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. आपण वरून बघावं तर काळ्या मातीत काहीच नाही. पेरणी संपली त्या रात्री ते अंगणात घोंगडी टाकून असे गाढ झोपत की आईला हलवून उठवावं लागे. पुढच्या पावसाचा भरवसा नाही, बियाण्याचे पैसे उधारीचे, तरी झोप. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आता माझं काम संपलं, मातीचं सुरू झालं. मी जागून काय तिला मदत करणार?"

त्याच चौथ्या अध्यायात, त्याच दिवशी, त्याच नावेत बसून येशूनं अशाच एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याचं त्यालाच कळत नाही. दिवसा हे सांगितलं आणि रात्री नावेत तो स्वतः तसाच झोपला. दिवसभर पेरलेलं आता पित्याच्या हाती. वादळातली ती झोप बेफिकिरीची नव्हती. पेरून झालेल्या माणसाची होती.

आपल्या मातीत अशी झोप मी आणखी एका ठिकाणी बघते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, मग भाऊ, १८८२ मध्ये नवरा. हाताशी उरली एक लेक, मनोरमा. केडगावचं मुक्ती मिशन आपल्यामागं तीच सांभाळेल असं वाटत असताना जुलै १९२१ मध्ये तीही गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. मिशनच्याच छापखान्यात ते छापलं जात होतं. लेक गेल्यावरही त्या कागदांसमोर बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला, मनोरमा गेल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा झोपेतच त्या गेल्या. छापून पूर्ण झालेलं पुस्तक त्यांच्यामागं लोकांच्या हाती आलं. ही नाव आणि ही उशीही त्यांच्या हाताखालून गेली असणार. त्या वचनांवर त्यांची लेखणी क्षणभर थांबली असेल का, असं मला नेहमी वाटतं.

आता तुमच्याकडे या. आज तुम्ही काय पेरलंत? मोठं काही नसेल. औषध वेळेवर दिलंत. एक फोन केलात. भाकरी थापल्यात. रागाचा एक शब्द गिळलात. ते आठवा, आणि ते मातीत गेलं आहे असं समजून हात झाडा. खरोखर झाडा, तळहात एकमेकांवर. पेरणाऱ्याच्या हाताला माती लागलेली असते.

थोडा वेळ काही करू नका.

शिष्यांना झोप लागली नाही, हे मला बरं वाटतं. ते त्याला उठवतात, आणि हात जोडून उठवत नाहीत. आम्ही बुडतोय आणि तुला काहीच वाटत नाही, असा तो सूर आहे. मत्तय आणि लूक यांनी ही हाक जराशी मऊ केली आहे. मार्कानं खरखरीत ठेवली. आम्ही ज्या घरात वाढलो तिथं प्रार्थनेची भाषा ठरलेली: हे दयाळू पित्या, तुझे उपकार मानतो. आजी कंदिलाच्या उजेडात गुडघे टेकून बसायची, तिच्या तोंडी ती भाषा खरी होती. पण दादांना पक्षाघात झाला आणि त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवलं, तेव्हा ती भाषा माझ्या तोंडून फुटेना. दुसऱ्या रात्री जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या चौथऱ्यावर उभी राहून मी प्रभूशी भांडले. सख्ख्या भावाशी भांडावं तशी, एकेरीवर येऊन, नाक पुसत. नंतर भिंतीला टेकले तेव्हा लक्षात आलं, गेल्या दोन दिवसांत मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

तुमच्याकडे तशी हाक असेल तर आत्ता द्या. घरातले झोपले असतील तर ओठ मिटून द्या. मऊ करू नका. नावेत ती ऐकून तो उठला, आणि आधी शिष्यांना रागावला नाही. आधी वाऱ्याकडे वळला. शिष्यांना जे बोलायचं ते सगळं निवल्यावर.

समुद्राला तो काय म्हणाला त्यात मूळ ग्रीकमधलं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ तोंड बांधणं, जनावराला मुसकं घालणं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमचे बैल आले. कोळपणीच्या वेळी बैल उभ्या पिकातून चालतात, दोन्ही बाजूंना कोवळी ज्वारी, म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीच्या जाळीचं मुसकं बांधतात. मळणीला आजोबा मुसकं बांधू देत नसत. खळ्यावर राबणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नका असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे, ते त्यांनी पक्कं धरलं होतं. कोळपताना मुसकं, मळताना नाही.

मुसकं घातल्यानं बैल मरत नाही. तो तिथंच असतो, त्याचं बळ असतं, तो शेतातून चालतो. फक्त उभं पीक खात नाही. शांती या शब्दाचा एवढा जवळचा अर्थ मला आजवर कुणाच्या प्रवचनात मिळाला नव्हता. मी समजत होते, काळजी शेतातून हाकलून दिली की शांती. ती कधीच जात नव्हती, आणि म्हणून मला वाटायचं माझा विश्वासच थिटा.

तुमची मघाची काळजी मांडीवर आहे ना? तिच्या तोंडाकडे बघा. ती काय काय खाते? तुमची झोप खाते. ताटातला घास खाते. जे माणूस अजून जिवंत आहे, शेजारच्या खोलीत आहे, त्याच्याबरोबरचा आजचा दिवस खाते. येशूला म्हणा: हिला मुसकं घाल. एवढंच म्हणा. रिपोर्ट बदल, नोटीस फिरव, हेही मागा, मागायला बंदी नाही. पण आज रात्री आधी हे. श्वास आत घेताना त्याचं नाव, सोडताना काळजीचं. पुन्हा. पुन्हा. आकडा मोजू नका.

वारा पडला आहे. पाणी सपाट आहे. मार्कानं इथं मोठा हा शब्द तीनदा वापरला आहे: वादळ मोठं, मग निवांतपणा मोठा, आणि त्यानंतर भीतीही मोठी. शिष्य खरे घाबरले ते वादळ थांबल्यावर. हा कोण आहे, असं एकमेकांना विचारत राहिले. तुम्हालाही अशा वेळी आतून थोडी धास्ती वाटली तर दचकू नका. ज्याला आपण आपल्या हाकेसरशी उठणारा समजत होतो, तो आपल्या मुठीत मावत नाही, हे कळल्याची ती धास्ती आहे. तिच्याजवळ बसा. बोलू नका.

मग आणखी एक रात्र आठवा, याच शुभवर्तमानातली. गेथशेमाने बाग. तिथं सगळं उलटं आहे. शिष्य झोपले आहेत आणि तो जागा आहे, जमिनीवर पडून, जिवाच्या आकांतानं पित्याला विनवतो आहे. तासभर तरी माझ्याबरोबर जागा, असं त्याला वाटलं होतं, कुणी जागलं नाही. नावेत आम्ही भीतीनं जागे होतो तेव्हा तो झोपला. बागेत त्याला भीतीनं घेरलं तेव्हा आम्ही झोपलो, आणि आमच्या वाटचं जागरण त्यानं केलं. माझा सगळा विश्वास या दोन रात्रींच्या मध्ये कुठंतरी आहे.

आता त्या दुसऱ्या नावा.

जिन्यातून परत आले तेव्हा आयसीयूबाहेरच्या व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं होती. कुणी चटईवर, कुणी वर्तमानपत्रावर. प्रत्येकाचं कुणीतरी त्या दाराआड. दिवसभर मला त्यांची गर्दी वाटली होती. माझ्या बाकाशेजारी जमिनीवर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांचा मुलगा आत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आपलं कपड्यांचं गाठोडं पायानं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "टेक जरा, बाई. मी जागीच हाये. नाव पुकारलं तर उठवते."

मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी माझा धर्म विचारला नाही, मी त्यांचं नाव विचारलं नाही. मी गाठोड्यावर डोकं ठेवलं. त्याला चुलीच्या धुराचा वास होता. दोन दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं, चहावाल्याच्या किटलीचा आवाज येत होता आणि गाठोड्याची गाठ माझ्या गालावर उमटली होती. बाई तशाच बसल्या होत्या, पाठ भिंतीला, डोळे दाराकडे.

दादा नवव्या दिवशी गेले. त्या वर्षीची ज्वारी भावानं पेरली. चाड्यावर मूठ धरली तेव्हा त्याचा हात दादांसारखाच हलला.

आपण अजून नावेत आहोत. पाणी शांत आहे, पण पलीकडचा काठ अजून अंधारात आहे, आणि तिथं उतरल्या उतरल्या थडग्यांमधून एक पीडलेला माणूस धावत येणार आहे, हे पुढच्या अध्यायात आहे. ते उद्या. आत्ता मागच्या बाजूला थोडी जागा आहे. पायाखालचं पाणी ओसरलं आहे, फळ्या ओल्या आहेत. ती उशी अजून तिथंच पडली आहे, मध्ये खळगा पडलेली. तो नाळेजवळ उभा आहे, तुमच्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत.

त्या खळग्यात डोकं ठेवा. दिवा मालवा.